‘चर्चा करा’ म्हणजे नेमके काय करा?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२ मध्ये वस्तुनिष्ठ केली, तेव्हापासून चार पर्यायांतील एक वर्तुळ काळे करण्याचे तंत्र उमेदवारांच्या अंगवळणी पडले. वर्णनात्मक पद्धत परत आणण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर झाला. २०२३ च्या प्रारंभी पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले आणि आयोगाने अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे ढकलली. त्या काळात वाद झाला तो वेळेचा, वयाचा, वाया जाणाऱ्या तयारीचा. प्रश्नाच्या अखेरीस येणाऱ्या आज्ञार्थी शब्दाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. वर्णन करा, स्पष्ट करा, विशद करा, चर्चा करा, मूल्यमापन करा. उत्तर कशाविषयी लिहायचे ते प्रश्नाचा विषय सांगतो. काय लिहायचे ते हा शब्द सांगतो.

याचा सर्वाधिक फटका बसतो तो मानसशास्त्रासारख्या विषयात. स्टॅन्ले मिलग्रॅम यांच्या आज्ञाधारकतेच्या प्रयोगाचे उदाहरण घ्या. ‘वर्णन करा’ म्हटले की १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाची रचना, विजेचे खोटे झटके आणि ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले हा निष्कर्ष सांगितला की काम झाले. ‘स्पष्ट करा’ म्हटले, तर माणसे तिथवर का गेली याची कारणमीमांसा हवी. ‘चिकित्सक मूल्यमापन करा’ असेल, तर डायना बॉमरिंड यांनी १९६४ मध्ये घेतलेले नैतिक आक्षेप, प्रयोगशाळेबाहेरच्या जीवनाला हे निष्कर्ष कितपत लागू पडतात हा प्रश्न आणि शेवटी उमेदवाराचा स्वतःचा निवाडा, हे सारे आले. पाठ केलेली एकच टीप तिन्ही ठिकाणी उतरवणाऱ्याला विषय येत असतो. गुण मात्र मिळत नाहीत. (आज्ञापालनावरील प्रश्नातच आज्ञा न वाचणे, हा योगायोग गमतीचा खरा!) त्यात मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘मिलग्रॅम’ हे नाव दिसताच लेखणी धावू लागते आणि वाक्याच्या टोकाला बसलेला शब्द नजरेआड होतो. ‘फरक स्पष्ट करा’ या साध्या सूचनेचेही तेच होते. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांच्या व्याख्या दोन स्तंभांत लिहिल्या जातात. पण पहिल्याने वर्तन वाढते आणि दुसरीने ते घटते, हा फरकाचा मुद्दा लिहायचा राहून जातो.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड आणि परिसराला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. पर्जन्यछायेतील माण तालुक्यात शेतीचा भरवसा नाही. म्हणून स्पर्धा परीक्षा ही येथील अनेक घरांची आशा असते. मराठी माध्यमात शिकलेला येथील पदवीधर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसतो, तेव्हा अडचण दुप्पट होते. तेथे मानसशास्त्र या वैकल्पिक विषयाच्या प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. उत्तरे मराठीत लिहिता येतात. प्रश्न मात्र इंग्रजी व हिंदीतच छापलेले असतात. इंग्रजी कच्चे असलेला उमेदवार साहजिकच हिंदीकडे वळतो आणि येथे ओळखीचे शब्दच दगा देतात. हिंदीतील ‘व्याख्या कीजिए’ म्हणजे स्पष्टीकरण द्या. मराठी मनाला त्यात दोन ओळींची व्याख्या ऐकू येते. ‘टिप्पणी कीजिए’ हे मत मागते, तर आपल्याकडे ‘टीप लिहा’ म्हणजे त्रोटक माहिती. ‘समीक्षा’ म्हटले की मराठी वाचकाला साहित्य आठवते. १५० शब्दांच्या मर्यादेत असा गैरसमज झाला, तर सावरायला जागा उरत नाही.

हा भाषेच्या प्रेमाचा विषय नाही. मोजमापाच्या विश्वासार्हतेचा आहे. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन अशी उद्दिष्टांची उतरंड मांडली. प्रश्नातील क्रियापदे तिच्याशी जुळवावीत, हे शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी नेमाने शिकतात. पण विश्लेषण मोजायला घेतलेला प्रश्न प्रत्यक्षात उमेदवाराची संकेतशब्दांशी असलेली ओळख मोजू लागला, तर निकाल कशाचा लागला म्हणायचे?

म्हसवडच्या महिलांना हा अनुभव वेगळ्या रूपात आला होता. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा पहिला अर्ज प्रवर्तक महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने नाकारला होता. त्या अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या आणि कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी काढून दाखवण्याची तयारी त्यांनी दर्शवली. परवाना मिळाला. त्यांना निदान परीक्षकासमोर उभे राहून बोलता आले. लेखी परीक्षेतील उमेदवाराला ती सोय नाही.

ब्रिटनमधील परीक्षा मंडळे अशा आज्ञार्थी शब्दांची अर्थासह यादीच प्रसिद्ध करतात. तीत मानसशास्त्राचाही समावेश असतो. आपल्याकडे अभ्यासक्रमासोबत असे दोन पानांचे परिशिष्ट जोडण्यास ना मोठा खर्च आहे, ना कायदा बदलावा लागतो. राज्य लोकसेवा आयोगाने ते मराठीत द्यावे आणि शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थांनी पदवीच्या पहिल्याच वर्षी वर्गात शिकवावे. केंद्रीय आयोगाच्या हिंदी शब्दांचे मराठी अर्थ त्यातच एका रकान्यात देता येतील.