हॅलोवीनच्या दारात वयाचा दाखला कशाला?

दर वर्षी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिका आणि कॅनडातील मुले सोंगे घेऊन घरोघर फिरतात, दार वाजवून ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात, कॅंडी घेतात आणि पुढच्या घराकडे वळतात. हे कितव्या वर्षी थांबवावे याचा लेखी नियम बहुतेक गावांत नाही. अलिखित नियम मात्र जवळपास सगळीकडे आहे. मूल मिडल स्कूलमध्ये गेले, उंची वाढली, आवाज फुटला, की दार उघडणाऱ्याच्या कपाळावर आठी चढते. एवढा घोडा झाला आणि कॅंडी मागत फिरतो, असा त्या आठीचा अर्थ असतो. काही नगरपालिकांनी तर ती आठी कायद्याच्या पुस्तकातच घातली आहे. हे पत्रक त्या कायद्यांच्या विरोधात आहे आणि त्या आठीच्याही.

या कायद्यांत व्हर्जिनिया राज्यातील चेसापीक शहराचा नियम सर्वांत गाजला. १९७० साली केलेल्या त्या नियमानुसार बारा वर्षांहून मोठ्या मुलाने ट्रिक-ऑर-ट्रीटला जाणे हा गुन्हा होता. शिक्षा होती २५ ते १०० डॉलर दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही. जवळपास अर्धे शतक हा नियम कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. २०१८ मध्ये तो बातम्यांत आला, देशभर त्याची टिंगल झाली आणि २०१९ मध्ये शहराने मर्यादा बारावरून चौदावर नेली व तुरुंगवासाची तरतूद काढून टाकली. केवळ वय जास्त म्हणून कोणाला अटक केलेली नाही, असे शहराचे अधिकारी तेव्हा सांगत होते. मग जो नियम वापरायचाच नव्हता तो पुस्तकात ठेवला कशाला? मर्यादा दोन वर्षांनी सरकवल्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

इलिनॉय राज्यातील बेलव्हिल शहराने २००८ मध्ये आठवीच्या पुढच्या मुलांना बंदी घातली. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील बॅथर्स्ट गावाने रेघ आधी चौदाव्या वर्षावर ओढली, नंतर सोळाव्यावर नेली आणि ती ओलांडणाऱ्याला २०० डॉलरपर्यंत दंड ठेवला. एका गावात बारा, दुसऱ्यात चौदा, तिसऱ्यात सोळा. वाहन चालवण्याचे किंवा मतदानाचे वय ठरवताना निदान काही युक्तिवाद मांडावा लागतो. इथे सभागृहातल्या सदस्यांना कोणत्या उंचीचा मुलगा खटकतो, एवढाच हिशेब दिसतो.

या आठीमागे एक समजूत आहे. हा सण मुळात चिमुकल्यांचा आणि मोठी मुले त्यात घुसखोरी करतात, अशी ती समजूत. इतिहास याच्या नेमका उलट आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या स्मरणाच्या दिवसांत, गरीब माणसे घरोघर जात, त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात ‘सोल केक’ नावाची गोड वडी घेत. त्यात मोठी माणसेही असत. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये वेष बदलून जाणाऱ्याने गाणे, कविता किंवा नक्कल सादर करायची आणि मग फळ, सुका मेवा किंवा नाणे घ्यायचे, अशी रीत होती. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळानंतर, तिथून निघालेल्या लोकांबरोबर ही संध्याकाळ अमेरिकेत उतरली. तिथे मात्र तिच्यातली खोडी जास्त फोफावली. कुंपणाची फाटके काढून नेणे, परसातले संडास उलथवणे, खिडक्यांच्या काचांना साबण फासणे, घोडागाडीचे सुटे भाग करून ती कोठाराच्या छपरावर पुन्हा जोडून ठेवणे, असले उद्योग रात्रभर चालत. ते सहा वर्षांच्या मुलांच्या हातून होण्यासारखे नाहीत. हॅलोवीनची रात्र किशोरवयीन पोरांची होती.

खेड्यात हे खपून गेले. शहरे वाढली तसा खोडीचा उपद्रव झाला आणि मंदीच्या काळात उपद्रवाचे नुकसान झाले. १९३३ च्या हॅलोवीनला अनेक शहरांत मोटारी उलथवल्या गेल्या, टेलिफोनचे खांब करवतले गेले, रस्त्यावरचे अग्निशमनाचे नळ उघडले गेले. ती रात्र पुढे ‘काळे हॅलोवीन’ म्हणून ओळखली गेली. अशा रात्रींचे काय करायचे, यावर गावोगावच्या लोकांनी डोके चालवले. मिनेसोटातील अनोका गावाने १९२० मध्येच मिरवणूक काढून पोरांना कामाला लावले होते. आयोवातील डे मॉइन शहरात १९३८ चे हॅलोवीन फारच त्रासाचे गेले, तेव्हा तिथल्या क्रीडा-करमणूक विभागाने ‘बेगर्स नाइट’ सुरू केली. दारात यायचे, विनोद सांगायचा किंवा कोडे घालायचे आणि खाऊ मिळवायचा. ती प्रथा तिथे परंपरेने ३० ऑक्टोबरला पाळली जात आली. सेंट लुइसमध्येही विनोद सांगितल्याशिवाय कॅंडी हाती पडत नाही.

बंदीचा मार्गही आजमावला गेला. शिकागोच्या नगर परिषदेने १९४२ मध्ये हॅलोवीन रद्द करून त्या तारखेला ‘बचत दिन’ पाळण्याचा ठराव केला. १९५० मध्ये अमेरिकी सिनेटच्या न्यायविषयक समितीने या दिवसाला ‘युवा सन्मान दिन’ करण्याची शिफारस केली. ठराव कागदावर राहिला, शिफारस प्रतिनिधिगृहात विरली आणि हॅलोवीन जसेच्या तसे उरले. टिकला तो दुसरा मार्ग: दार उघडायचे, काहीतरी गोड द्यायचे आणि पोरांना खोडीपासून वळवायचे. ‘ट्रिक ऑर ट्रीट’ ही घोषणा १९२७ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील ब्लॅकी या छोट्या गावाच्या बातमीत छापलेली सापडते. अमेरिकेत युद्धकाळातले साखरेचे रेशनिंग १९४७ मध्ये उठले आणि त्यानंतर ही प्रथा देशभर पसरली. म्हणजे ज्यांच्या हाती करवत होती त्यांना शांत करण्यासाठी खाऊचे भांडे दारात आले. आज त्याच वयाच्या मुलांना ‘हे भांडे तुझ्यासाठी नाही’ असे सांगणे हा मूळ करार एका बाजूने मोडणे आहे.

सण लहानग्यांचा कसा झाला, हेही पाहण्यासारखे आहे. त्यात भीतीचा वाटा मोठा होता. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये आठ वर्षांचा मुलगा सायनाइड घातलेली कॅंडी खाऊन दगावला आणि अनोळखी लोक मुलांना विष देतात ही धास्ती घराघरात पोचली. प्रत्यक्षात ते विष त्याच्या वडिलांनीच विम्याच्या पैशासाठी घातले होते; त्यांना १९८४ मध्ये देहदंड झाला. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अशा घटनांचा अनेक वर्षे माग काढला. अनोळखी माणसाने वाटलेल्या हॅलोवीनच्या कॅंडीतून विष देऊन मूल मारल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांना सापडले नाही. पण धास्तीला पुरावा लागत नाही. आईवडील मुलांबरोबर फिरू लागले, मोठ्यांशिवाय घोळक्याने फिरणे संशयास्पद ठरले आणि सोबत पालक नसलेला तेरा वर्षांचा मुलगा दारात उपरा दिसू लागला.

विरोधकांच्या तक्रारी खोट्या नाहीत. काही मोठी मुले सोंग घेत नाहीत, उशीचा अभ्रा पुढे करतात, ‘थँक यू’ म्हणत नाहीत, मूठभर उचलतात, लहानांना ढकलतात. हे वागणे वाईटच. पण त्याचे मूळ वयात शोधण्याआधी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला एड डीनर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग वाचावा. सिअॅटलमधील २७ घरांत आलेल्या १,३५२ मुलांना ‘एकच कॅंडी घ्या’ असे सांगून घरची बाई आत जाई आणि लपलेला निरीक्षक पाहत राही. ज्या मुलांना नाव आणि पत्ता विचारला होता आणि जी एकटी आली होती, त्यांच्यापैकी सुमारे ८ टक्क्यांनीच जास्तीचे काही उचलले. ज्यांना कोणी काही विचारले नव्हते आणि जी घोळक्याने आली होती, त्यांच्यात हे प्रमाण ५७ टक्के होते. मुखवट्याआड आणि गर्दीत आपल्याला कोणी ओळखत नाही, या जाणिवेने हात सैल सुटतो. त्यावरचा उपाय फुकट आहे. ‘तू कोणाचा रे? सोंग कसले घेतले आहेस?’ एवढे विचारले की पुरते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. त्यातला खरा धोका रस्त्यावरच्या मोटारींचा आहे. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतील अमेरिकी अपघातांची छाननी करणाऱ्या एका वैद्यकीय अभ्यासात असे दिसले, की हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांचे मृत्यू एक आठवडा आधीच्या आणि एक आठवडा नंतरच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त होतात. चार ते आठ वर्षांच्या मुलांना हा धोका दहापट असतो. या वयाच्या मुलांबरोबर रस्ता ओलांडायला चौदा वर्षांचा भाऊ किंवा बहीण असणे ही सोयीची गोष्ट आहे. आणि आपल्यालाही दोन कॅंडी मिळणार हे ठाऊक असेल, तर तो भाऊ कुरकुर न करता येईल.

वयाची अट प्रत्यक्षात वय पाहतच नाही. दारात जन्मदाखला कोणी मागत नाही. अंदाज उंचीवरून, आवाजावरून, कातडीच्या रंगावरून बांधला जातो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलगे दहाव्या वर्षापासूनच आहेत त्याहून मोठे आणि कमी निरागस समजले जातात, असे २०१४ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेल्या संशोधनाने दाखवले. हा अंदाज किती महाग पडू शकतो, हे १७ ऑक्टोबर १९९२ रोजी लुइझियानातील बॅटन रूज शहरात दिसले. हॅलोवीनच्या पार्टीसाठी सोंग घेऊन निघालेल्या सोळा वर्षांच्या एका जपानी विद्यार्थ्याने चुकून भलत्याच घराचे दार वाजवले आणि घरमालकाने त्याला गोळी घातली. फौजदारी खटल्यात ज्युरीने घरमालकाला निर्दोष ठरवले. किशोरवयीन मुलाचे दारात येणे हेच मुळी संशयास्पद, असे शिकवणारा कायदा या वृत्तीला नगरपालिकेचा शिक्का देतो. बौद्धिक अपंगत्व असलेल्या किंवा स्वमग्न मुलांची अडचण वेगळीच. शरीर सतराचे आणि हौस सातव्या वर्षाची असते. बेलव्हिलने अशा मुलांना सूट ठेवली होती. पण सूट मागायची म्हणजे प्रत्येक दारात आपले अपंगत्व सांगत फिरायचे.

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया किंवा टोरांटोतील मराठी घरांत हा प्रश्न आणखी एका रूपात येतो. इथल्या आईवडिलांनी स्वतः हॅलोवीन अनुभवलेले नसते. लहान मुलाला ते कौतुकाने नटवतात, पण मूल सातवी-आठवीत गेले की ‘आता दारोदार मागत फिरणे शोभत नाही’ हे वाक्य घरात येतेच. कधी हॅलोवीन थेट दिवाळीत पडते, २०२४ मध्ये तर ते नरक चतुर्दशीलाच आले, आणि मग नकाराला आणखी एक कारण मिळते. या पालकांनी शिमगा आठवावा. कोकणात संकासुर आणि गोमू घेऊन खेळे घरोघर नाचतात आणि पोस्त घेतात. त्यात मिसरूड फुटलेली पोरे असतात, चाळिशीचे बापेही असतात. त्याला कोणी भीक म्हणत नाही. होळीसाठी शेजाऱ्याच्या गोवऱ्या पळवणारी टोळीही पाच वर्षांच्यांची नसे.

हॅलोवीनच्या संध्याकाळी घरी बसवलेला पंधरा वर्षांचा मुलगा अभ्यास करील, ही आशा फार थोड्या घरांत फळते. तो फोनवर असतो, किंवा जिथे मोठ्या माणसांची नजर नाही अशा पार्टीत असतो. शेजाऱ्यांच्या उजेडातल्या दारांसमोर कागदी पंख लावून फिरणे यापेक्षा निरुपद्रवी करमणूक त्या वयात क्वचितच मिळते. शिवाय मोठी मुले काही परतही देऊ शकतात. १९५० मध्ये फिलाडेल्फियातील एका पाद्री दांपत्याच्या पुढाकाराने सुरू झालेल्या उपक्रमातून मुले याच रात्री युनिसेफसाठी डब्यात नाणी गोळा करू लागली. अनेक हायस्कूलची मुले कॅंडीऐवजी फूड बँकेसाठी डबाबंद अन्न मागतात. पण हे त्यांच्या येण्याची अट होऊ नये. केवळ मौज म्हणून आलेल्यालाही कॅंडी मिळावी.

अटी घालायच्याच असतील तर त्या वागण्याच्या असाव्यात आणि सहा वर्षांच्या मुलाला लागू त्याच सोळाच्यालाही लागू असाव्यात. सोंग हवे, मग ते चादरीचे भूत असले तरी चालेल. पोर्चचा दिवा बंद असेल त्या घरी घंटी वाजवू नये. लहानांना पुढे जाऊ द्यावे, सांगितले तेवढेच घ्यावे, रात्री साडेआठच्या सुमारास घरी परतावे. दंगा, चोरी, नासधूस यांसाठी प्रत्येक शहरात आधीच कायदे आहेत आणि ते करणाऱ्याचे वय काहीही असले तरी लागू होतात.

चेसापीक, बेलव्हिल, बॅथर्स्ट आणि अशी कलमे केलेल्या प्रत्येक नगर परिषदेने वयाचे कलम पूर्ण रद्द करावे. मर्यादा दोन वर्षांनी वाढवून वेळ मारून नेऊ नये. ज्या गावांत असे कलम नाही तिथल्या नागरिकांनी ते येऊ देऊ नये. घरोघरच्या लोकांनी ३१ ऑक्टोबरला एक पाकीट जास्त आणून ठेवावे, आणि रात्री आठच्या सुमारास दारात सहा फुटी पिशाच उभे राहिले तर त्याला नाव विचारावे, सोंगाबद्दल दोन शब्द बोलावे आणि कॅंडी द्यावी.