फ्लॉपी भंगारात, भाषा अभिजात

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. नांदेड-लातूरकडच्या आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना त्यानिमित्ताने व्याख्यानांची निमंत्रणे आली आणि शिलालेख, ताम्रपट, पोथ्या यांच्याविषयी आम्ही भरभरून बोललो. मात्र ज्या विभागांत आम्ही बोललो, तेथील कपाटांत तीस वर्षांपूर्वीचे मराठी लेखन फ्लॉप्यांवर कुजत पडले आहे, याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. आमचा आक्षेप या मौनाला आहे, आणि तो प्रथम आमच्याच ज्ञातीवर आहे.

नव्वदच्या दशकात प्रबंध, विशेषांक, बोलींच्या शब्दसूची हे सारे संगणकावर अक्षरजुळणी होऊन फ्लॉपीवर साठू लागले. छपाई झाली की फ्लॉपी खणात जाई. एका महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार म्हणून अशा फ्लॉप्यांचे खोके रद्दीसोबत विकले गेल्याचे आम्ही पाहिले आहे. विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘छापील प्रत आहे ना?’

हे उत्तर पाठचिकित्सा शिकवणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. छापील प्रत हा एक पाठ असतो. संपादकाने गाळलेला मजकूर, लेखकाने बदललेला शेवट, छापून न आलेली नोंद यांचा पुरावा कित्येकदा केवळ फ्लॉपीवर असतो. डॉस संगणकावर फाइल पुसली, तरी तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलले जाते आणि जागा मोकळी धरली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तेथेच असतो.

म्हणूनच ‘फाइली पेनड्राइव्हवर घ्या, काम संपले’ हा दुसरा सल्लाही अपुरा आहे. फाइल उतरवणे म्हणजे पोथीतला मजकूर नकलून घेणे. डिस्क इमेज म्हणजे पानांचा क्रम, समासातल्या टिपा, कोऱ्या जागा यांसह सबंध पोथीची प्रतिकृती. साडेतीन इंची 1.44 एमबी फ्लॉपीच्या दोन बाजूंवर प्रत्येकी 80 वर्तुळाकार माग, प्रत्येक मागात 18 खंड आणि प्रत्येक खंडात 512 बाइट असतात. इमेज या 2880 खंडांची क्रमाने नक्कल करते. पुसलेलेही त्यात येते. अर्थात म्हणूनच लेखकाच्या किंवा वारसांच्या संमतीवाचून ते उघड करू नये.

पुढचा अडसर लिपीचा आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बद्ध केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांना त्यांची किल्ली गवसली. माहूर आमच्या जिल्ह्यात असल्याने हा इतिहास आम्ही अभिमानाने सांगतो. पण युनिकोड रुळण्यापूर्वीचे मराठी फाँट ही नवी सकळ लिपीच होती. एका फाँटमधला ‘क’ दुसऱ्या फाँटमध्ये भलतेच चिन्ह होई. इस्की ही प्रमाणित संकेतप्रणाली असल्याने तिच्यातला मजकूर तुलनेने सहज सुटतो. फाँटबद्ध मजकुराला त्या फाँटचाच तक्ता लागतो. शिवाय काही यंत्रांत देवनागरी पडद्यावर उमटवण्यासाठी जिस्ट कार्ड बसवलेले असे. पान तेव्हा कसे दिसत होते हे ताडून पाहायचे, तर ते यंत्रच चालवावे लागते, आणि त्यासाठी इमेज पुन्हा फ्लॉपीवर उतरवावी लागते.

हे काम नाजूक आहे, पण अगम्य नाही. साडेतीन इंची फ्लॉपीला यूएसबी ड्राइव्ह बहुधा पुरते. सव्वापाच इंचीसाठी जुनी ड्राइव्ह आणि चुंबकीय बदल थेट टिपणारे ग्रीझविझलसारखे उपकरण लागते. वाचण्यापूर्वी लेखनबंदीची खूण करावी आणि बुरशी लागलेली चकती स्वच्छ केल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नये. परत लिहितानाही सावध असावे. जुन्या 360 केबी ड्राइव्हवर लिहिलेल्या चकतीवर 1.2 एमबी ड्राइव्हने लिहिले, तर नवा माग अरुंद पडतो, कडेला जुन्याचा अवशेष उरतो आणि मूळ यंत्र गोंधळते. एकावर एक गिरवलेल्या पाटीसारखेच ते. चकत्याच नसतील, तर ड्राइव्हच्या जागी बसणारे गोटेक उपकरण इमेज थेट यंत्रापुढे ठेवते.

‘हे संगणकवाल्यांचे काम’ म्हणून हात झटकणे आम्हाला मान्य नाही. संगणकशास्त्राचा सहकारी खंड वाचून देईल. कोणता खर्डा आधीचा, कोणता पाठ ग्राह्य, हे मराठीच्याच माणसाने ठरवायचे आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने नांदेडला एक आणि लातूर उपकेंद्रात एक असे टेबल मांडावे: दोन प्रकारच्या ड्राइव्ह, एक जुना चालू संगणक आणि प्रत्येक चकतीची नोंदवही. एम.ए.च्या विद्यार्थ्याला एखादा प्रकल्प याच सामग्रीवर द्यावा.

दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी चार शतकांनंतर अंबाजोगाईत पाहायला मिळते, कारण कोणीतरी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. फ्लॉपीला एवढा अवधी नाही. सोनीने 2011 साली तिचे उत्पादनही थांबवले. दोन हजार वर्षांचा वारसा सांगणाऱ्यांनी आधी आपल्या विभागाचे कपाट उघडावे.