इंजिनाचें तेल : जाड तें चांगलें काय ?

कुकडी प्रकल्पाच्या पाण्यानें जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांतील शेतीचें रूप पालटलें, तसें शेतकऱ्याच्या अंगणाचेंही पालटलें. बैलगाडीच्या जागीं ट्रॅक्टर आला, माल वाहण्यास पिकअप आली, मळ्यांत जाण्यायेण्यास मोटारसायकल आली व पुष्कळ घरीं कुटुंबासाठीं लहान मोटारही आली. दुभत्या गाईस कोणता चारा, कामाच्या बैलास कोणता व वासरास कोणता, याचा विचार आपला शेतकरी नित्य करतो. परंतु या चारही यंत्रांस एकाच डब्यांतील तेल पाजतांना त्यास कांहीं वावगें वाटत नाहीं. "तेल तें तेल, जाड असलें म्हणजे झालें" हा समज आपल्याकडे इतका दृढ झाला आहे कीं, त्याविरुद्ध चार शब्द लिहिणें प्रस्तुत लेखकास अवश्य वाटतें.

हा प्रश्न किरकोळ नाहीं. टोमॅटोच्या हंगामांत नारायणगांवच्या बाजारांतून किंवा मंचरच्या आवारांतून रात्रीं भरलेली पिकअप पहाटे वाशीच्या बाजारांत उभी राहिली पाहिजे. तिचें इंजिन वाटेंत जखडलें तर दुरुस्तीचा खर्च एकीकडे व नासलेला माल दुसरीकडे, असा दुहेरी घाव बसतो. त्यांतून पिकअप बहुधा कर्जावर घेतलेली असते, आणि इंजिन बंद पडलें म्हणून हप्ता थांबत नाहीं.

प्रथम डब्यावरील अंकांचा अर्थ पाहूं. दाटपणास आपल्या शास्त्रीय ग्रंथांत विष्यंदिता म्हणतात. त्या दाटपणावरून तेलाची प्रतबंदी करण्याची पद्धत अमेरिकेतील मोटार इंजिनिअरांच्या संस्थेनें घालून दिली. ही संस्था १९०५ सालीं स्थापन झाली व तिची तेलाची पहिली प्रतबंदी १९११ सालची आहे. तिच्या इंग्रजी नांवाची आद्याक्षरें 'एसएई' हीं डब्यावर छापलेलीं असतात. महसुली दप्तराशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांस हें चटकन उमजेल. जमिनीची प्रत म्हणजे कांहीं तिचें क्षेत्र नव्हे. ती एक वर्गवारी असते. तसाच ३० किंवा ४० हा अंक म्हणजे दाटपणाचें प्रत्यक्ष माप नसून वर्गाचें नांव होय. तेल १०० अंश सेल्सिअस तापलें असतां त्याचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान भरला तर तें ३० च्या वर्गांत पडतें, १२.५ ते १६.३ असेल तर ४० च्या, आणि १६.३ ते २१.९ असेल तर ५० च्या वर्गांत.

'१५डब्ल्यू-४०' यांतील डब्ल्यू हें अक्षर हिवाळ्याचें द्योतक आहे. त्याच्या आधींचा अंक जितका लहान, तितकें तें तेल थंडींत लवकर वाहतें. १५डब्ल्यू तेलाची परीक्षा शून्याखालीं २० अंशांवर, तर ५डब्ल्यू तेलाची शून्याखालीं ३० अंशांवर घेतात. आपल्याकडे कडाक्याच्या थंडींतही असा प्रसंग येत नाहीं. म्हणून कित्येक जण म्हणतात कीं, हा पहिला अंक आपल्या कामाचा नाहीं. हें अर्धेंच खरें आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनांतील तेल तळाशीं उतरलेलें असतें, आणि पहाटे किल्ली फिरवल्यापासून तें वरच्या भागांपर्यंत पोंचेतों जे क्षण जातात त्यांत धातूवर धातू घासतो. पौषांतल्या पहाटेसही पातळ तेल जाडापेक्षां लवकर वर चढतें, हा लाभ कांहीं थोडा नव्हे.

आतां 'जाड तें चांगलें' हा समज आला कोठून तें पाहूं. तो मूर्खपणांतून आलेला नाहीं. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली व पुढें गांवोगांव विहिरींवर डिझेल इंजिनें बसलीं. तीं संथ चालीचीं, भक्कम व सैल जुळणीचीं होतीं. त्यांना साधें एकअंकी ३० किंवा ४० नंबरचें तेल चाले, आणि इंजिन झिजलें कीं आणखी जाड घातलें तरी तें कुरकुर करीत नसे. त्या पिढीनें आपल्या इंजिनापुरतें बरोबर ज्ञान मिळविलें. चूक झाली ती पुढच्या पिढीची. इंजिन बदललें, पण नियम तोच ठेवला. मोट गेली तरी नाडा सोंदूर सांभाळून ठेवावा, तशांतलाच हा प्रकार.

आजच्या इंजिनांतील फटी बारीक असतात, तेलाचे मार्ग अरुंद असतात, आणि पुष्कळ गाड्यांत झडपांची वेळ बदलणारी यंत्रणाही त्याच तेलाच्या दाबावर चालते. म्हणून नव्या लहान पेट्रोल गाड्यांस ०डब्ल्यू-२०, किंबहुना ०डब्ल्यू-१६ इतकें पातळ तेल कारखानदार सांगतात. १६ हा वर्गच मुळीं २०१३ सालीं नव्यानें निर्माण करावा लागला. अशा इंजिनांत २०डब्ल्यू-५० ओतलें तर दाब दाखविणारा कांटा वर चढतो, आणि मालक खूष होतो. परंतु दाब वाढला म्हणजे तेल अधिक पोंचलें असें नव्हे. पाटाचें तोंड गाळानें अरुंद झालें तर वरच्या अंगास पाणी तुंबून फुगतें, म्हणून कांहीं खालचें वावर अधिक भिजत नाहीं. शिवाय जाड तेल घुसळण्यांत इंजिनाची शक्ति खर्च होते व तितकें इंधन अधिक जळतें.

उलट, पातळ तें चांगलें असेंही कोणी समजूं नये. कारखान्यानें ज्या डिझेल पिकअपला १५डब्ल्यू-४० सांगितलें आहे, तिच्यांत कोणीं पेट्रोल मोटारीचें ०डब्ल्यू-२० घातलें, आणि ती भरल्या ओझ्यानें वैशाखांत माळशेजचा किंवा भीमाशंकरचा चढ चढूं लागली, तर बेअरिंगमधील तेलाचा पापुद्रा तुटण्याचें भय असतें. सारांश, इंजिन घडविणाऱ्यानें कोणता दाटपणा गृहीत धरला, हा खरा प्रश्न आहे. जाड कीं पातळ हा नव्हे. त्याचें उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत असतें, आणि ती पुस्तिका आपण बहुधा लग्नाच्या याद्यांबरोबर कपाटांत बांधून ठेवतों.

दाटपणाइतकीच दुसरीही एक बाब पहावयाची असते, ती म्हणजे तेलाची जात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारींत पेट्रोल इंजिनाच्या तेलास 'एस' व डिझेलच्या तेलास 'सी' हें पहिलें अक्षर असतें. त्यापुढील अक्षर जितकें पुढचें, तितकी ती कसोटी अलीकडची. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या ज्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यांत काजळी धरणारी चाळण असते, त्यांस कमी राखेचें तेल लागतें. काजळी तेथें जाळून टाकतां येते, राख मात्र जळत नाहीं. ती सांचत जाऊन चाळण बंद करते. अंक तोच १५डब्ल्यू-४०, पण जात निराळी, आणि चुकीचा परिणाम महागडा. मोटारसायकलचा क्लच बहुधा इंजिनाच्याच तेलांत बुडालेला असतो. तिला मोटारीचें निसरडें तेल घातलें तर क्लच घसरूं लागतो. तिच्या डब्यावर 'जासो एमए' अशी खूण पहावी. ट्रॅक्टरच्या गिअरचें व हायड्रॉलिकचें तेल तर वेगळेंच. त्याची व इंजिनाच्या तेलाची गांठ घालूंच नये.

आतां मिश्रणाविषयीं. पुष्कळांची कल्पना अशी कीं, ५डब्ल्यू-३० व १५डब्ल्यू-४० समभाग मिसळलें म्हणजे १०डब्ल्यू-३५ तयार झालें. हा हिशेब त्रैराशिकाचा आहे, तेलाचा नव्हे. एक तर ३५ असा वर्गच नाहीं. दुसरें असें कीं, दाटपणाची सरासरी निघत नाहीं. मिश्रण पातळ तेलाच्या अंगास झुकतें. १० सेंटिस्टोकचें व २० सेंटिस्टोकचें तेल समभाग घेतलें तर १५ न येतां सुमारें १४ येतात. तिसरें आणि महत्त्वाचें असें कीं, थंडींतील वागणूक तर कोणत्याच हिशेबानें सांगतां येत नाहीं. प्रत्येक कारखानदार आपल्या तेलांत दाटपणा टिकविणारीं, मेण गोठूं न देणारीं, मळ धुणारीं व झीज थांबविणारीं द्रव्यें ठराविक प्रमाणांत घालतो व त्या मेळाची परीक्षा करवून घेतो. दोन मेळ एकत्र केले कीं त्या परीक्षेचा दाखला निकामी होतो. दोन गटांचे सातबारे एकास एक चिकटवून जसा नवा उतारा होत नाहीं, तसेंच हें आहे.

मग मिश्रण विषासमान समजावें काय ? मुळींच नाहीं. वरील इन्स्टिट्यूटच्या वर्गवारींतील तेलें एकमेकांत मिसळलीं असतां फाटूं नयेत, अशी अटच आहे. तेव्हां रात्रीं आळेफाट्यावर तेलाची खूण खालच्या रेघेखालीं गेलेली आढळली व आपलें तेल मिळालें नाहीं, तर जें मिळेल त्यांतील शक्य तितकें जवळचें, त्याच जातीचें तेल लिटरभर घालून पुढें जावें. कमी तेलावर घाट चढण्यापेक्षां मिसळलेल्या तेलावर चढणें शतपटीनें बरें. घरीं परतल्यावर मात्र लवकर तेल बदलावें. आपद्धर्म हा आपत्तीपुरता असतो. त्याचा नित्यधर्म करूं नये, इतकेंच सांगणें आहे.

येथें अनुभवी मेस्त्री एक आक्षेप घेतील, व तो विचारांत घेण्याजोगा आहे. ते म्हणतील, "दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी निळा धूर ओकते, तिला २०डब्ल्यू-५० घातलें कीं धूर कमी होतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे." त्यांचें म्हणणें खरें आहे. झिजलेल्या रिंगांतून जाड तेल कमी निसटतें. परंतु सारावसुलीच्या भाषेंत बोलावयाचें तर ही तहकुबी आहे, माफी नव्हे. झीज जागेवरच राहते. फक्त वसुलीची तारीख पुढें जाते. हंगाम पार पाडण्यासाठीं मालकानें समजून-उमजून अशी तहकुबी घ्यावी, पण त्या अवधींत इंजिन उघडण्याची तजवीज करावी. पुष्कळदां दोष रिंगांचा नसून झडपांच्या सीलचा असतो, व तें काम पुष्कळच स्वस्तांत होतें.

शेवटीं करावयाचें काय तें सांगतों. पहिलें, प्रत्येक यंत्रासाठीं वहीचें एक पान ठेवावें. तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर किंवा तास, तेलाचे अंक व जात, आणि मधून किती भर घातली, एवढेंच त्यांत लिहावें. भर वाढूं लागली कीं इंजिनाचा रोग धूर दिसण्यापूर्वीं वहींत दिसतो. दुसरें, सुटें तेल कितीही स्वस्त मिळालें तरी घेऊं नये; त्यास ना अंक, ना जात, ना जबाबदार धनी. तिसरें, रिकामा डबा भोंक पाडूनच भंगारांत द्यावा, म्हणजे त्यांत बनावट माल भरून तो पुन्हां आपल्याच दारीं येणार नाहीं. चौथें, काढलेलें काळें तेल विहिरीजवळ, ओढ्यांत किंवा बांधावर ओतूं नये. तें घातक कचऱ्यांत मोडतें. साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यावें.

आणि एक गोष्ट आपल्या संघानें करावी. खतें व बियाणें यांचा साठा ठेवतांना संघ जशी निवड करतो, तशीच तेलाची करावी. सभासदांकडे कोणतीं यंत्रें आहेत याची यादी करून त्यांना लागणाऱ्या चार-पांच प्रतींचेंच तेल मोहोरबंद डब्यांत ठेवावें, व कोणत्या यंत्रास कोणतें, याचा मराठी तक्ता दुकानाच्या भिंतीवर लावावा. "चाळीस नंबर द्या" असें मागणाऱ्या सभासदास विक्रेत्यानें "कोणत्या गाडीला ?" एवढें विचारलें, तरी निम्में काम होईल. पुढील सर्वसाधारण सभेपुढें हा विषय ठेवावा, अशी चालकमंडळास व सभासद बंधूंस विनंति आहे.