जुन्या मोटारीचे काटे

पांढुर्णा व सौंसर या आपल्या भागात, ज्याचा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला, कोणाकोणाच्या दारी अजून ॲम्बॅसडर उभी दिसते. तिचे उत्पादन २०१४ सालीच थांबले. तेव्हा मापक बिघडला की मिळेल तो बसविण्याचा मोह होतो.

विजेवर चालणारा उष्णतामापक इंजिनावरील सेंडरच्या रोधानुसार काटा हलवितो. दोन्ही एकमेकांच्या जोडीचे नसतील तर काटा खुशाल खोटे सांगेल. मे महिन्यात छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीच्या घाटात पाणी उकळू लागले, तरी तो मध्यावरच! इंजिनाचे हेड वाकल्यावरचा खर्च मालकांना सांगावयास नको. यास्तव नवा सेंडर तारेने गाडीच्या सांगाड्याशी जोडून उकळत्या पाण्यात धरावा. काटा शंभर अंशांपाशी गेला पाहिजे.

ॲमीटर काढून व्होल्टमीटर लावणे याहून जोखमीचे. ॲमीटरमधून गाडीचा बहुतेक प्रवाह जातो; व्होल्टमीटर समांतर जोडतात. म्हणून ॲमीटरच्या दोन्ही जाड तारा परस्परांशी घट्ट जोडून नीट झाकाव्यात. ढिला सांधा तापतो आणि आग तेथूनच लागते. व्होल्टमीटरला फ्यूज घातलेली वेगळी बारीक तार पुरते. इंजिन चालू असता तो सुमारे १४ व्होल्ट दाखवील. बारापाशीच रेंगाळला, तर बॅटरी भरत नाही असे समजून मेकॅनिककडे जावे.