होरपळलेल्या बागा मृगाआधी सावरूया

कोकणवासीयांनो, चाकरमान्यांनो,

यंदाही सड्यावरचे वणवे बागांत शिरले आहेत. 1990 साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हापासून वरकस जमिनीत खड्डे खणून, पाण्याचे हंडे वाहून जगवलेली आंबा-काजूची कलमे ऐन हंगामात होरपळतात. पाण्याच्या नळ्या वितळून बुंध्याशी चिकटतात, वैरणीच्या उडव्यांची राख होते. नवे काजूचे कलम धरायला तीन-चार वर्षे लागतात, हापूसला त्याहून जास्त. हवामानावर आधारलेला फळपीक विमा पाऊस, तापमान, वारा मोजतो. वणव्याची झळ त्यात बसत नाही.

काडी कुणाचीही असो, शिकाऱ्याची, विडीची, हाताबाहेर गेलेल्या भाजावळीची. आग पोसली जाते ती पडीक जमिनीतल्या न कापलेल्या गवतावर. त्यातल्या कितीतरी जमिनींचे मालक मुंबई-पुण्यात आहेत, म्हणजे आपणच आहोत. म्हणून जळालेल्या बागांना केलेली मदत उपकार नाही, देणे आहे.

आजच : तलाठी आणि कृषी सहाय्यकाकडून पंचनामा करून घ्या, प्रत्येक झाडाचा फोटो ठेवा. सामाईक सातबारा असेल तर भरपाई अडते ती सहहिस्सेदारांच्या संमतीवर. शहरातल्या भावंडांनी संमतीपत्र लगेच पाठवावे; जुने वाद नंतर मिटवता येतील.

या महिन्यात : घाईने झाडे तोडू नका. नखाने साल खरवडून पाहा; आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. बुंध्याला चुना-मोरचुदाची बोर्डो पेस्ट लावा आणि पावसात फुटवा पाहून वाळलेले तेवढेच छाटा. जोडाच्या खालून फुटलेला फुटवा मात्र रायवळ निघतो, त्यावर पुन्हा कलम बांधावे लागते. पावसाचे गवत येईपर्यंत गुरांना वैरण हवी. ज्यांच्या उडव्या शाबूत आहेत त्यांनी भारे द्यावेत.

मृगाआधी : 7 बाय 7 मीटरवर काजू लावला तर हेक्टरी सुमारे 200 कलमे लागतात. वाडीच्या मुंबईतल्या मंडळांनी एकेक बाग वाटून घ्यावी आणि कलमे, शेणखत, नळ्या, मजुरी यांचा भार उचलावा. एकदाच पैसे देऊन थांबू नका. पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस लागतो, त्याचीही तजवीज करा.

दिवाळीनंतर : आपल्या पडीक जमिनीतले गवत कापून घ्या, हद्दीवर जाळरेषा काढा. स्वतः येणे जमत नसेल तर मजुरी पाठवा. हे राहिले तर नवी लागवडही पुढच्या फेब्रुवारीत जळेल. जंगलात आग दिसली तर वनविभागाचा 1926 क्रमांक फिरवा.

पाऊस कुणासाठी थांबणार नाही. आज रात्रीच गावी फोन लावा, कुणाची बाग जळली ते विचारा आणि त्यातली किती कलमे तुमच्याकडे, तो आकडा सांगूनच फोन ठेवा.