पोळ्याच्या सकाळची झडती

२०२५ सालच्या पोळ्याची सकाळ आम्ही अद्याप विसरलो नाही. दिनांक २२ ऑगस्ट, वार शुक्रवार. नित्याप्रमाणे चहाचा पेला हाती घेऊन आम्ही वृत्तपत्रे उलगडली. पहिल्या पानावर बैलांची सुरेख छायाचित्रे होती: रंगविलेली शिंगे, अंगावर झूल, कपाळी मठाठी. आत, बाजारभावांच्या पानावर, निराळीच चर्चा चालली होती. केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले होते. श्रद्धेला पहिले पान आणि भाकरीला आतले, अशी वाटणी झाली होती. त्या वाटणीत वृत्तपत्रवाले म्हणून आमचाही हात आहे, हे आम्ही आधीच कबूल करून टाकतो.

खेड्यातला शेतकरी मात्र ही वाटणी जाणत नाही. आमच्या या जिल्ह्यात पोळ्याच्या दिवशी गावच्या आखरावर आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात, त्याखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि मग झडत्या सुरू होतात. झडती म्हटले की आम्हां शहरवासीयांच्या डोळ्यांसमोर पोलीस उभा राहतो. आखरावरची झडती ही शेतकऱ्याने घेतलेली असते. आरंभी पार्वतीला आणि महादेवाला नमन होते आणि लगेच त्याच दमात सावकार, पाटील, पुढारी, मंत्री यांचा समाचार घेतला जातो. बियाण्याचा भाव आणि कापसाचा भाव शेजारी शेजारी मांडले जातात, आणि शेवटी सारा गाव महादेवाचा गजर करतो. देवाला साक्षी ठेवून केलेली ही राज्यकारभाराची तपासणी आहे. तिला कोणी अग्रलेख म्हणत नाही, एवढेच. आता ठिकठिकाणी तेथेही मंडप आणि ध्वनिक्षेपक आले आहेत, बक्षिसे लागली आहेत आणि व्यासपीठावर पुढारी बसले आहेत. ज्याची झडती घ्यायची तोच परीक्षक होऊन बसल्यावर झडतीची धार किती राहील, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता त्या आतल्या पानावरच्या वार्तेकडे वळू. खरीप पिकांचे हमीभाव सरकारने २८ मे २०२५ रोजी मंजूर केले. लांब धाग्याच्या कापसास क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसास ७,७१० रुपये. तो आकडा ऐकून शेतकऱ्याने जूनमध्ये पेरा केला. बियाणे, खत, फवारणी, निंदणी यांवरील बहुतेक खर्च ऑगस्टच्या मध्यापर्यंत होऊन गेलेला असतो आणि पीक रानात उभे असते. नेमक्या त्या वेळी परदेशी रुईपुढचे कुंपण काढून घेण्यात आले. पोळा होऊन आठवडाही लोटला नव्हता तोच, २८ ऑगस्ट रोजी, या माफीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. सप्टेंबरअखेरची मुदत नव्या कापसाच्या आधी संपणारी होती, म्हणून कोणी तिचे समर्थन करू शकला असता. डिसेंबरअखेरच्या मुदतीत मात्र आमच्या वऱ्हाडातील वेचणीचा ऐन हंगाम सापडतो. पहिल्या वेचणीआधी रानात सीतादही मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखविणाऱ्या गृहिणीला या अधिसूचनेची भाषा कळणार नाही. तिचा परिणाम तिला पहिल्याच मापाला कळला.

दुसरी बाजू आम्हांस ठाऊक नाही, असे कोणी समजू नये. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले. कापडाचा आणि तयार कपड्यांचा धंदा त्यामुळे अडचणीत आला, आणि त्या धंद्यावर लक्षावधी मजुरांचे पोट आहे. आमच्याच यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत डेनिमचे कापड विणले जाते. गिरणीला रुई स्वस्त हवी, यात पाप नाही. तथापि गिरणीचा तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न राजकारणाचा आहे. तो सरकारी तिजोरीने सोसता आला असता. तो सोसण्याचा मान ज्याला दिला गेला, त्याला कोणी विचारलेही नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे: हमीभाव तर आहेच! कागदावर तो आहे. भारतीय कापूस महामंडळ पूर्ण भाव देते तो ८ टक्के ओलाव्याच्या कापसाला. १२ टक्क्यांपुढचा कापूस घेतलाच जात नाही. पहिल्या वेचणीचा दवाने भिजलेला कापूस या कसोटीस क्वचितच उतरतो. त्यातून २०२५ च्या हंगामात भ्रमणध्वनीवरील ॲपवर नोंदणी आवश्यक झाली. दिवाळीचा किराणा, दुकानदाराची उधारी आणि मजुरांची वेचाई डोक्यावर असलेला लहान शेतकरी तितके दिवस थांबू शकत नाही. तो दारात आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस घालतो. त्या हंगामात खुल्या बाजारातील भाव हमीभावाच्या खाली राहिले, हे सर्वांनी पाहिले.

या जिल्ह्याकडे थोरामोठ्यांचे लक्ष नाही, असे मात्र म्हणवत नाही. लक्ष फार आहे. २००६ च्या जुलैत डॉ. मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. २००८ साली राहुल गांधी यांनी लोकसभेत जळका गावच्या एका शेतकरी विधवेची कहाणी सांगितली. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी दाभडीला येऊन शेतकऱ्यांबरोबर चहा घेऊन गेले, आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान म्हणून त्यांनी किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता यवतमाळहूनच देशभर वितरित केला. पक्ष बदलले, व्यासपीठे बदलली. ज्या घरांतला कर्ता पुरुष गेला त्या घरांची यादी मात्र वाढतच राहिली, आणि तिची वार्ता हळूहळू एका स्तंभाच्या चार ओळींवर आली. गहुलीच्या वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत, १९७२ साली, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली होती. तिचे दोष सर्वश्रुत आहेत आणि आम्ही ते झाकू इच्छीत नाही. तरी कापूस विकायचा कोठे, हा प्रश्न राज्याचा आहे, एवढी जाणीव त्या योजनेमागे होती.

याच जिल्ह्यात लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले. मीठ समुद्रकाठी होते. आमच्याकडे रान होते आणि गुरे होती. विलायतेच्या साम्राज्याला आव्हान द्यायला एका विद्वान वकिलाला बैलाच्या तोंडचा घास पुरेसा वाटला. आज बैल कमी झाले आहेत. पुष्कळ घरांत मातीच्या जोडीची पूजा होते आणि ट्रॅक्टरलाही हार घातला जातो. त्याचे आम्हांस फारसे दुःख नाही. बैलाचे कष्ट वाचले तर वाचू देत.

आमची मागणी एवढीच आहे की, कापसाच्या आयातशुल्कात जो फेर करायचा असेल तो हमीभावाबरोबरच, मे महिन्यात, पेरणीच्या आधी जाहीर व्हावा आणि शेवटची वेचणी बाजारात येईपर्यंत त्याला कोणी हात लावू नये. म्हणजे कापूस पेरायचा की सोयाबीन, की तूर, हे शेतकऱ्याला डोळे उघडे ठेवून ठरविता येईल. अकस्मात संकट आलेच आणि शुल्क उतरवावेच लागले, तर त्याच अधिसूचनेत खरेदी केंद्रांची संख्या, ती उघडण्याची तारीख आणि भावातील तूट भरून देण्याची तरतूद यावी. यासाठी कोणा मंत्र्याने यवतमाळला येण्याची आवश्यकता नाही. दिल्लीत बसून, एका सहीने, हे होण्यासारखे आहे.