आचार्यांच्या आधी कोण?

कफ परेडपासून आरेपर्यंतची ३३.५ किलोमीटरची, जवळजवळ संपूर्ण भुयारी अशी मुंबईची 'मेट्रो-३' ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली. मिठी नदीखालून आणि गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या वस्तीखालून बोगदे काढणाऱ्यांच्या कौशल्याविषयी आम्हाला आदर आहे. लोकलच्या दारात लोंबकळण्यापेक्षा हा प्रवास सुखाचा, हेही निःसंकोच मान्य. आमचे भांडण बोगद्याशी नाही, पाटीशी आहे.

वरळी नाक्याजवळच्या स्थानकाचे नाव 'आचार्य अत्रे चौक'. हे स्थानक मे २०२५ मध्ये उघडले आणि तीन आठवड्यांच्या आत, २६ मेच्या पावसात, त्यात पाणी शिरले. त्या पाण्यावर भरपूर लिहिले गेले, ते योग्यच. परंतु अत्र्यांच्या नावाआधी एका म्युच्युअल फंडाचे नाव लागले, त्यावर काही राजकीय आक्षेप वगळता मराठीच्या प्राध्यापकवर्गातून काय उमटले? जवळजवळ काहीच नाही. त्या वर्गात आम्हीही आलो.

'एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला?' असे आमच्याच विभागातील एका सहकाऱ्यांनी विचारले. मराठीत व्यक्तिनामाच्या आधी काय येते ते पाहावे. 'लोकमान्य', 'महात्मा', 'हुतात्मा', 'आचार्य'. ही उपपदे कोणी विकत घेतलेली नाहीत. लोकांनी ती दिली, आणि वापरून वापरून ती नावाचाच भाग झाली. त्या जागेवर आता निविदेतून मिळालेले उपपद येऊन बसले आहे. शाळामास्तरकी केलेल्या, 'नवयुग वाचनमाला' तयार करणाऱ्या, 'मराठा'चे रकाने संयुक्त महाराष्ट्रासाठी पेटवणाऱ्या माणसाला आपण त्या फंडाचे विशेष्य करून टाकले. ('झेंडूची फुले'च्या कर्त्याने या पाटीचे काय केले असते, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या मगदुराप्रमाणे करावी.)

तिकिटाखेरीज उत्पन्न हवे, नाहीतर भाडे परवडणार नाही, हा युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. मग भिंती द्या, खांब द्या, सरकते जिने द्या, डब्यांचे बाह्यांग द्या. जाहिरातीला आमची हरकत नाही. जाहिरात आणि नाव यांतली सीमारेषा पुसण्याला आहे. मराठीत 'सौजन्याने' हा प्रामाणिक शब्द आहे. तो नावाच्या खाली, लहान अक्षरांत बसतो. शिवाय ही मार्गिका उभी राहिली ती मुख्यतः जपानी कर्जातून आणि सरकारी पैशातून. कर्ज फेडायचे जनतेने आणि बारसे करायचे प्रायोजकाने, हा कोणता व्यवहार?

हा प्रकार याच मार्गिकेचा शोध नव्हे, हे खरे. २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रो-१ वरही स्थानकांच्या नावांना प्रायोजक चिकटले. तेथे बहुधा रस्त्यांची नावे होती, म्हणून आपण दुर्लक्ष केले. दुर्लक्षाची सवय अशीच लागते. नाव ही बदलती मालमत्ता ठरली की त्यात भर पडते तशी वजाबाकीही होते: वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राजवळचे स्थानक नुसतेच 'विज्ञान केंद्र' आहे. हुतात्मा चौक हेही याच मार्गिकेवरचे स्थानक. नाव विकता येते हे तत्त्व एकदा स्वीकारल्यावर, नोव्हेंबर १९५५ च्या गोळीबाराची स्मृती सांगणारे ते नाव कोणत्या आधारावर वगळणार?

अभिजात भाषेचा दर्जा २०२४ मध्ये मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत आम्ही होतो. त्या दर्जाचे पुढे काय करायचे, यावर परिसंवाद अजून चालूच आहेत. असो.

पुढच्या महिन्यात आमच्या विभागाचे अत्र्यांच्या विडंबनावर चर्चासत्र आहे. निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात 'जवळचे मेट्रो स्थानक' या ओळीत एका विद्यार्थ्याने पाटीवरचे पूर्ण नाव निष्ठेने उतरवून आणले होते. त्यातले पहिले शब्द आम्ही लाल शाईने खोडले आणि मसुदा छपाईला पाठवला.